कुंडीतलं फायकस : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

या वेळच्या पत्रांमध्ये फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाच्या, बोन्सायनेच बाजी मारली आहे. नर्सरीतून हौसेने आणलेलं झाड महिन्याभरात का रुसतं, हाच बहुतेकांचा सवाल. म्हणून ही सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी जाड, फुगीर मुळांचं फायकस बोन्साय आणलं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय, रोज न चुकता एक कप पाणी घालते. तरी रोज दहा-बारा पानं पिवळी होऊन गळतात. नर्सरीवाला म्हणतो, माती बदला. बदलू का? (कांदिवली)

इतक्यात नका बदलू. जागा बदलली की फायकस पानं टाकतं, तो त्याचा स्वभावच आहे. नर्सरीत हिरव्या जाळीखाली त्याला दिवसभर उजेड मिळत होता. हॉलमधल्या उजेडात तेवढी पानं पोसणं परवडत नाही, म्हणून आतली, जुनी पानं आधी जातात. दोन-तीन आठवड्यांत गळती थांबायला हवी. तोवर फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल, तर टोकाकडून हिरवं लागेपर्यंत छाटत या.

खरी गडबड आहे ती टीव्हीशेजारच्या जागेत आणि त्या रोजच्या कपात.

आधी जागा. हे घरात जेमतेम तग धरणारं झाड आहे, घरात वाढणारं नव्हे. पूर्वेच्या खिडकीचं ग्रिल सर्वांत उत्तम, सकाळचं तीन-चार तास ऊन पुरतं. हॉलमधून थेट उन्हात मात्र नेऊ नका. पहिला आठवडा खिडकीच्या आत काचेजवळ ठेवा, मग ग्रिलमध्ये. खिडकी पश्चिमेची असेल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर पातळ पडदा किंवा जाळी लावा. ग्रिलचा पत्रा तापतो आणि बोन्सायची कुंडी उथळ असते. थेट पत्र्यावर ठेवली की मुळं खालून भाजतात, म्हणून खाली लाकडी फळी हवी. एसीचा झोत अंगावर नको. आणि एकदा जागा ठरली की दर रविवारी झाड हलवू नका. प्रत्येक हलवण्याला ते पुन्हा पानं टाकेल.

आता पाणी. रोज एक कप घातल्याने वरची अर्धा इंच माती भिजते आणि खालची मुळं कोरडी राहतात. कुंडीला भोक नसेल तर उलट, खाली डबकं साचतं. पानं दोन्हीकडे पिवळीच पडतात, म्हणून नुसती पानं बघून निदान होत नाही. बांबूची एक काडी मातीत दोन इंच खोचून दहा मिनिटं ठेवा. काडी गडद आणि ओली निघाली तर पाणी नको. टोकाला जेमतेम गारवा लागला तर पाणी द्या, आणि द्याल तेव्हा पोटभर द्या. झारीने सगळीकडे हळूहळू, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. ताटलीत साचलेलं ओतून टाका. मे महिन्यात हे रोज करावं लागेल, जुलैच्या झडीत तीन-चार दिवस हातही लावावा लागणार नाही. घड्याळ पाहून पाणी घालणाऱ्यांची झाडं मुंबईत सहसा पावसाळ्यातच मरतात.

नर्सरीतली बरीच झाडं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. ते एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरत नाही. घातलेलं पाणी कडेने सरळ खाली उतरतं आणि आपल्याला वाटतं, झाड भिजलं. असं झालं असेल तर कुंडी काठापर्यंत बादलीत बुडवून बुडबुडे थांबेतो ठेवा. मातीवर गोटे चिकटवलेले असतील तर तेही उचकटून काढा, त्यांच्याखाली माती ओली की कोरडी हे कळतच नाही.

लगेच माती बदलावी अशा परिस्थिती दोनच : कुंडीला भोक नाही किंवा मातीला कुबट वास येतो. झाड अलगद बाहेर काढा आणि एक मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ फिकट आणि घट्ट असतं. कुजलेलं काळपट मूळ असेल तर साल मोज्यासारखी हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. असली मुळं घट्ट भाग लागेपर्यंत कापा आणि पुढे दिलेल्या मिश्रणात झाड लावा. अशी वेळ आली नसेल तर नवी पालवी फुटेपर्यंत मातीला आणि खताला हात लावू नका.

आणखी एक. तुमच्या झाडाच्या जाड मुळांवर बारीक पानांच्या जातीचं कलम असतं. कलमाच्या खालून मोठ्या पानांची फूट आली तर ती लगेच खुडा, नाहीतर सगळा जोर तीच खाऊन टाकते.

प्रश्न : माती बदलायची कधी आणि मिश्रण कोणतं घ्यायचं? (विलेपार्ले)

मेअखेर ते जूनचा उत्तरार्ध. हवेत दमटपणा आलेला असतो, मुळं कापली तरी झाड सुकत नाही. लहान झाडाची दर दोन वर्षांनी, जुन्याची तीन-चार वर्षांनी बदलावी.

दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे ते हरभऱ्याएवढे हवेत. भुकटी चाळून फेकून द्या. ती राहिली तर पहिल्याच पावसात मिश्रणाचा चिखल होतो. खाडीची वाळू खारट असते, ती नको. नुसती लाल मातीही नको, उथळ कुंडीत ती विटेसारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. भोकांवर प्लास्टिकची जाळी ठेवा आणि झाड तारेने कुंडीला बांधा, कारण हलत्या झाडाची नवी मुळं तुटतात. मग दोन-तीन आठवडे सावलीत, आणि महिनाभर खत बंद. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत घातलं की मुळं जळतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत टँकर येतो. आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? (मुलुंड)

नाही. गाळणीने बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फ्लशला येणारं बोअरवेलचं पाणीही टाळा. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांची करपलेली टोकं ही क्षारांची खूण. पालिकेचं नळाचं पाणी चांगलं, पावसाचं त्याहून चांगलं. टँकरशिवाय इलाज नसेल तर महिन्यातून एकदा चांगलं पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या.

प्रश्न : कोवळी पानं मिटून पुरचुंडीसारखी होतात, आत बारीक काळे किडे दिसतात. (चेंबूर)

हे फुलकिडे. पान मिटलेलं असल्याने फवारणी आत पोहोचतच नाही. मिटलेली पानं खुडून पिशवीत बंद करून टाका. कुंडीत किंवा जिन्यात नको. मग १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा, असं तीन-चार आठवडे फवारा. पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण असतील तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपा. पान खुडताना निघणारा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, कपड्यावर डाग पाडतो. हात धुवा, लहान मुलं आणि मांजरं दूर ठेवा.

प्रश्न : आमच्या चाळीच्या पाइपामागे पिंपळाचं रोप उगवलंय. त्याचं बोन्साय होईल? (गिरगाव)

होईल, पण सुरुवात त्यानेच करू नका. पिंपळाचं पान लहान व्हायला वर्षानुवर्षं छाटणी लागते. हात पोहोचत असेल तरच, भिंत पावसाने चिंब असताना रोप मुळांसकट ओढा. बाहेर लोंबकळून नको. लांब मूळ तीन-चार इंचांवर कापा, बारीक तंतुमुळं जपा, पानं अर्धी कापा आणि महिनाभर सावलीत ठेवा. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी तो पानं झाडतो, तेव्हा मेला म्हणून फेकू नका. घरात पिंपळ नको म्हणणारं कुणीतरी असतंच; तो वाद तुमचा तुम्हीच मिटवा.

प्रश्न : गणपतीत आठवडाभर गावी जातो. झाडाचं काय करायचं? (लालबाग)

भाद्रपदातल्या हवेत फारसं अवघड नाही. निघण्याच्या दिवशी पोटभर पाणी द्या, झाड बंद बाथरूममध्ये न ठेवता खिडकीशी उजेडात ठेवा. कुंडीपेक्षा थोड्या उंचीवर पाण्याची बादली ठेवून ओली सुती नाडी तिच्यात सोडा आणि दुसरं टोक मातीत दोन इंच खोचा. आधी दोन दिवस घरी असतानाच हे करून बघा, कारण नाडी जाड असेल तर अख्खी बादली एका रात्रीत कुंडीत उतरते. कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवून जायचा मोह मात्र टाळा, आठवड्यात मुळं गुदमरतात. मे महिन्यातल्या सुटीला नाडी पुरत नाही. तेव्हा कुंडी शेजाऱ्यांकडे द्या, आणि बरोबर ती बांबूची काडीही द्या.