पुढच्या भेटीआधी एक पान लिही

प्रिय मैत्रिणी,

दीड वर्ष कंबर दुखतेय, डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून देतात, मेसेजला उत्तर येत नाही आणि मागच्या वेळी ‘एमआरआय नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून तू बाहेर आलीस. तुझ्या पत्रात हे वाचून वाईट वाटलं. आधी एक सांगते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हे दीर्घकालीन दुखणं धरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे, मूळ कारण सापडलेलं नसलं तरीही. त्यामुळे ‘मलाच उगाच वाटतंय का’ हा विचार आता बाजूला ठेव.

काही लक्षणांत मात्र डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहत बसायचं नाही. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचललं जाईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. गाडी नसेल तर १०८. वेदनाशामक गोळ्या चालू असताना शौचाला डांबरासारखं काळं झालं तरी हेच. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्या दिवशीच डोळ्यांचे डॉक्टर गाठ. संध्याकाळचा बारीक ताप आणि विनाकारण घटणारं वजन असेल तर याच आठवड्यात कुणाला तरी दाखव, कारण आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही.

आता त्या पानाविषयी. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते ‘खूप दुखतंय हो’. दिवसभर तेच ऐकलेलं असतं, हात आपोआप नेहमीच्या गोळीकडे जातो. त्यांना निर्णय घ्यायला लागते ती माहिती वेगळी असते आणि ती तुझ्याकडे आहे, फक्त विखुरलेली. एका बाजूला, ठळक अक्षरात, पंधरा ओळींच्या आत लिही: दुखणं कधी सुरू झालं, अचानक की हळूहळू, पडणं किंवा मार लागणं होतं का. नेमकं कुठे, आणि कुठवर जातं. पहाटे दुखून जाग येते का. सकाळी उठल्यावर अंग किती मिनिटं आखडलेलं राहतं. चालल्यावर कमी होतं की आराम केल्यावर. शून्य ते दहाच्या मापात गेल्या आठवड्यातलं सरासरी दुखणं किती आणि सगळ्यात वाईट दिवशी किती.

आकड्याला कामाची जोड दे. ‘सात’ म्हटल्यानं फारसं कळत नाही. ‘वीस मिनिटांपुढे खुर्चीत बसवत नाही, महिन्यात चार सुट्ट्या गेल्या’ म्हटलं की कळतं.

पानाच्या खालच्या भागात गोळ्या. नाव, मात्रा, किती दिवस घेतली, फरक किती, त्रास काय झाला आणि का थांबवली. ‘सगळं घेऊन झालं’ असं सांगू नकोस. ‘एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस, दोन दिवसांत निम्मं कमी, बंद केल्यावर आठवड्यात परत’ ही एकच ओळ निदानाची दिशा बदलू शकते.

कशी, ते तुझ्याच बाबतीत पाहा. तू लिहिलेल्या तीन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या: पहाटे जाग येते, सकाळी पाऊण तास पाठ आखडलेली असते, आणि सुट्टीच्या दिवशी पडून राहिलं की जास्त दुखतं. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं, हालचालीनं उतरणारं असं दुखणं सुजेच्या संधिवाताचं असू शकतं. तुला तो आहे असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारायलाच हवा, कारण ‘एमआरआय नॉर्मल’ म्हणजे कशाचा एमआरआय? बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यांचा काढलेला असतो. या आजाराची सुरुवात साधारणपणे कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि नितंबाचं हाड जिथे जुळतं त्या सांध्यांत होते, आणि कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ते सांधे नीट दिसतीलच असं नाही. साधा एक्स-रे तर काही वर्षं स्वच्छ येऊ शकतो. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असलं तरी आजार नाही असं ठरत नाही, आणि एचएलए-बी२७ (या आजाराशी संबंधित जनुकाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं तरी आजार आहे असं ठरत नाही. टाचा दुखणं, डोळा लाल होऊन गेलेला असणं, सोरायसिस, घरात कुणाला असा संधिवात असणं, यातलं काही असेल तर त्या पानावर यायलाच हवं. तुला विचारल्याशिवाय हाडांच्या डॉक्टरांना ते कळणार नाही आणि विचारायला त्यांच्याकडे वेळ नाही.

आत गेल्यावर पान त्यांच्या हातात दे आणि त्यांना वाचू दे. अर्धा मिनिट शांतता राहील, ती तू बोलून भरू नकोस. मग तीनच प्रश्न विचार. ‘तुमच्या मते हे काय असण्याची शक्यता जास्त, आणि काय नाही याची खात्री झाली आहे?’ ‘या गोळीचा गुण किती दिवसांनी पाहायचा, आणि नाही आला तर पुढचं पाऊल कोणतं?’ ‘मध्येच काही झालं तर कुणाला आणि कोणत्या वेळी विचारू?’ तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि मग मेसेज अनुत्तरित राहिला म्हणून दुखावतात. ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर शांतपणे म्हण, ‘काही नाही म्हणजे कोणते आजार नाहीत, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्याल का?’ लिहायची वेळ आली की बरेच डॉक्टर फाईल पुन्हा उघडतात.

सोबत कुणाला तरी ने, पण काम आधी वाटून घ्या. आपल्याकडे बाबा किंवा दादा सोबत असले की डॉक्टर त्यांच्याशीच बोलू लागतात आणि पेशंट बाजूला राहतो. सोबतच्या माणसानं फक्त लिहून घ्यायचं. ‘हिचं लग्न झालं की बरं होईल’ छापाचं काही निघालं तर वाद न घालता दुसऱ्या प्रश्नावर परत ये.

मेसेजचं म्हणशील तर डॉक्टरांच्या वैयक्तिक नंबरवर आलेले सहा व्हॉइस मेसेज ऐकले जाण्याची शक्यता फार कमी. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवर किंवा मेसेजवर दिलेला सल्ला हीसुद्धा रीतसर तपासणी असते, तिची नोंद ठेवावी लागते आणि फी घेता येते. म्हणून रिसेप्शनला सरळ विचार: ‘फी भरून फोनवर फॉलोअप मिळतो का, कोणत्या वेळी?’ लेखी विचारायचं असेल तर नाव, फाईल नंबर, शेवटच्या भेटीची तारीख, काय बदललं आणि हो-नाही असं उत्तर देता येईल असा एक प्रश्न, बस. ‘प्रेगाबालिन ७५ रात्री सुरू करून आठ दिवस झाले, सकाळी चक्कर येते, मात्रा कमी करू का?’ याला उत्तर मिळतं. ‘सर खूप त्रास होतोय’ याला मिळत नाही. कामाचे दोन दिवस थांब, एकदा आठवण कर, मग अपॉइंटमेंट घे. ट्रामाडॉल हे जोरदार वेदनाशामक मात्र असं फोनवर मागू नकोस. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि टेलिमेडिसिनमध्ये लिहून द्यायला मनाई आहे, त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं.

सरकारी रुग्णालयात अडचण वेगळी असते. दर वेळी नवा निवासी डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून कथा. केसपेपरवर युनिट, म्हणजे तुला तपासणारा डॉक्टरांचा गट, लिहिलेलं असतं. त्या युनिटच्या ओपीडीच्या दिवशीच जा आणि युनिटचे वरिष्ठ डॉक्टर किती वाजता बसतात ते तिथल्या सिस्टरना विचार. जुने केसपेपर तारखेनं लावून पिनेनं एकत्र ठेव, वर ते पान.

उत्तर मिळत नाही म्हणून रागानं गोळ्या बंद करू नकोस, वाढवूही नकोस. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन या एकदम सोडायच्या गोळ्या नव्हेत. घाम, अस्वस्थता, चक्कर, झोप उडणं असा त्रास होतो, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅम दिली असेल आणि इंटरनेटवर ‘नैराश्यावरचं औषध’ असं दिसलं, तर डॉक्टरांनी तुला मानसिक ठरवलं असं समजू नकोस. कमी मात्रेत ती मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी देतात, गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. हे न सांगणं ही डॉक्टरांचीच चूक. मेडिकलवाल्याकडून वेगळ्या नावाची दुसरी वेदनाशामक गोळी आणून दोन्ही घेणं सर्वांत घातक: आत एकाच प्रकारचं औषध असतं, जठर आणि मूत्रपिंड दोन्हीकडून मार खातात. बऱ्याच जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, तापासाठी वेगळं घेताना ते मोजायचं. वेदनाशामक महिनोन्‌महिने चालू असतील तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब तपासायला सांग. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेणारी आणि वर्षभर चालू ठेवणारी माणसं आहेत, आणि त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून नवं दुखणं मागे लागतं. ‘गुण येतोच’ अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यांच्यापासून लांब राहा.

डॉक्टर कधी बदलायचे? माझ्या मते, पान देऊन, तीन प्रश्न विचारून दोन भेटी झाल्या आणि तरी पुढचं पाऊल ठरलं नाही, की बदल. त्याआधी घाई नको, कारण प्रत्येक नवे डॉक्टर शून्यापासून सुरू करतात आणि आधीची गोळी नीट तपासली जायच्या आतच बदलते. त्यानंतर संकोचही नको. दुसरं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे. जाताना कागद हातात हवेत: सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एमआरआयची फिल्मच नव्हे तर सीडीसुद्धा. भरती झाली असशील तर रुग्णालयानं त्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसं आहे. लेखी अर्ज दे, प्रतीवर पोच घे. नोंदी नाकारल्या तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. मेसेजला उत्तर दिलं नाही एवढ्यावर मात्र तक्रारीत ताकद घालवू नकोस, हाती काही लागत नाही.

तुझ्या लक्षणांसाठी पुढची पायरी संधिवाततज्ज्ञ. तिथे काही निघालं नाही तर पेन क्लिनिक, जे बहुधा भूलतज्ज्ञ चालवतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी कर. नव्या डॉक्टरांपुढे जुन्यांची निंदा नको, आणि आधी कुणाला दाखवलं ते लपवणंही नको.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की कधीकधी सगळंच नकोसं वाटतं. दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसाला असं वाटू शकतं, आणि तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे, पानावर त्याची ओळ हवी. जीव द्यावासा वाटला, तर घरातल्या जवळच्या माणसाला लगेच सांग आणि टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन कर; चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पान लिहून झालं की मला पाठव. पहिल्या खेपेस ते दोन पानांचं होईल. काय कापायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
ताई