मॉडेलिंग सुरू करतेयस? आधी एवढंच बघ

मुंबईची घाई नको, सुरुवात जळगावातही होते. इथल्या सराफांना, साडीच्या दुकानांना लग्नसराईआधी चेहरे लागतातच. कॅमेऱ्यासमोर मोकळं उभं राहायची सवय तिथे लागेल.

नवीन मुली सगळ्यात जास्त फसतात त्या पैशात. काम देतो म्हणून आधी नोंदणी फी किंवा महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे कामासाठी दाखवायचा फोटोंचा संच, मागणाऱ्याला सरळ नाही म्हण. चांगली एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. तुला सध्या मेकअपशिवाय, खिडकीच्या उजेडात काढलेले तीन फोटो पुरतील: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा.

फोटो कुठे आणि किती दिवस वापरणार, हे लेखी घेच. नाहीतर मानधन एकदाच मिळतं आणि चेहरा वर्षानुवर्षं होर्डिंगवर राहतो.

वयाचं टेन्शन घेऊ नकोस. आज कॉलेजचे कपडे, पुढे नवरीचे दागिने, चाळिशीत विम्याच्या जाहिरातीतली आई. मधे कामं कमी होतात, म्हणून शिक्षण सोडायचं नाही, हे मी फार मनापासून सांगतेय. गोरं होण्याच्या क्रीमच्या नादी अजिबात लागू नकोस. आपल्या मे महिन्याच्या उन्हात आहे ती त्वचा जप.

रॅम्पवॉक, पोझेस नंतर बघू.