एकच कॉम्प्युटर पाच वेळा का आणतो हा माणूस?

"नवऱ्याला जुने व्हिडिओ गेम आणि जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद आहे, तेवढं ठीक आहे हो, पण तो एकच मशीन परत परत आणतो, हा आजार आहे का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी नवऱ्याच्या जागी मुलगा असतो, कधी भाऊ, आणि कॉम्प्युटरच्या जागी कॅमेरे घाला, घड्याळं घाला, सूर तोच. जमवण्याबद्दल फारशी तक्रार नसते, एकसारख्याच वस्तू का हे घरच्यांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून एक केस लिहितेय, दोघांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

बाई आधी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "मॅडम, एक असता तर मीच पुसून शोकेसमध्ये ठेवला असता. पण कमोडोर चौसष्ट पाच आहेत घरात. अमिगा तीन. निन्टेन्डो किती ते मी मोजायचं सोडलं. आणि विचारलं की म्हणतो तुला नाही कळणार." (कमोडोर आणि अमिगा हे ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर, निन्टेन्डो म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन.) त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता, आजार आहे किंवा आजार नाही, म्हणजे त्या घरी जाऊन तो शब्द त्याच्यासमोर ठेवू शकल्या असत्या. तो शब्द मी त्या दिवशी दिला नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस समोर नव्हता.

तो आला तेव्हा भांडायच्या तयारीतच होता. पैसे माझे, कर्ज नाही, व्यसन नाही, असं सगळं पाठ करून आलेला. मी एवढंच विचारलं की पहिल्या कमोडोरमध्ये आणि दुसऱ्यात फरक काय? पुढचा बराच वेळ मला फक्त ऐकायचं होतं.

फरक होता. कमोडोर ६४ आला १९८२ साली, आणि त्यातली आवाजाची चिप, सिड म्हणतात तिला, ती दोन पिढ्यांची आहे. जुनी ६५८१, तिला १२ व्होल्ट लागतात, नंतरची ८५८०, तिला ९, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी नुसती खोचता येत नाही. जुन्या चिपमधला फिल्टर प्रत्येक नगात थोडा वेगळा वाजतो, आणि काही गेममध्ये रेकॉर्ड केलेला आवाज किंवा ड्रम असतो तो जुन्या चिपवर दणक्यात येतो आणि नव्या चिपवर जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे ज्याला ती गाणी जशी तेव्हा वाजायची तशी ऐकायची आहेत त्याला दोन मशीन लागतात, हे अगदी खरंय. निन्टेन्डोचंही तसंच, १९८३ चा जपानी फॅमिकॉम आणि नंतर अमेरिकेत आलेला एनईएस हे आतून भावंडं, पण एकाची कार्ट्रिज, म्हणजे गेमची खोचायची डबी, ६० पिनांची आणि दुसऱ्याची ७२, वर युरोपातला नग तिथल्या टीव्हीप्रमाणे ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलत, चालतो त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेले बरेचसे गेम त्याच्यावर हळू पळतात. बायकोला जे एकसारखं दिसतं ते त्याच्यासाठी एकसारखं नाहीच.

इथे मी घरच्यांना एक सांगते, आणि हे मी जवळपास प्रत्येक केसमध्ये सांगते. "एवढे कशाला" असं विचारू नका, "यात आणि त्यात फरक काय" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस दार लावून घेतो, दुसऱ्याला तो उत्तर देतो, आणि उत्तर देता देता कुठल्या नगापाशी त्याचं उत्तर पातळ होतंय हे तुम्हालाही ऐकू येतं आणि त्यालाही.

याचं पातळ झालं तिसऱ्यापाशी. तिसरा स्पेअर. चौथा पण स्पेअर. पाचवा, "मॅडम तो भंगारात चालला होता, मी नसता घेतला तर तोडला असता." स्पेअरचं कारणही हवेतलं नाहीये बरं का. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली, तिच्या खास चिप आता कोणी त्याच साच्यातून काढत नाही, जुन्या मशीनमधूनच काढाव्या लागतात. वर त्या कॉम्प्युटरचा मूळ पॉवर सप्लाय बदनाम आहे, तो बिघडताना बंद पडत नाही तर पाच व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरी चिप जाळून टाकतो. म्हणजे मशीन मरेल ही भीती खोटी नाही, पण मग तोच माणूस तोच मूळ सप्लाय लावून का बसलाय हे मी विचारलं तेव्हा तो हसला, म्हणाला, "नवीन घ्यायचाय, राहून जातंय." पाच मशीन घ्यायला वेळ झाला, एक सुरक्षित सप्लाय राहून गेला. हे मी वहीत लिहून ठेवलं.

आता आजाराचं. वस्तू साठवण्याचा विकार, होर्डिंग डिसऑर्डर, याला अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ साली वेगळं निदान म्हणून जागा मिळाली, त्याआधी तो ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, पोटात वगैरे धरला जायचा. त्यात नग किती हा निकष कुठेच नाही. निकष असा की वस्तूची किंमत काहीही असो ती टाकताना किंवा देताना माणसाला सतत त्रास होतो, त्यामुळे राहत्या खोल्या भरून जातात इतक्या की त्यांचा वापरच होत नाही, आणि त्याने जगण्यात खरी अडचण येते. संग्रह करणाऱ्याचं सहसा उलट असतं, त्याला काय हवंय ते ठरलेलं असतं, मांडणी असते, दाखवायची हौस असते. घराचा अंदाज घ्यायला रँडी फ्रॉस्ट, गेल स्टेकेटी वगैरे संशोधकांनी केलेला फोटोंचा एक संच आहे, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, पसारा नसलेल्या खोलीपासून गच्च भरलेल्या खोलीपर्यंत, आपल्या खोलीशी जुळणारा फोटो निवडायचा. मी दोघांना वेगवेगळं बसवून निवडायला लावलं. दोघांनी जवळपास तेच फोटो निवडले, खालच्या आकड्यांचे. बाईंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. घर काही तुंबलेलं नव्हतं, एक कपाट, पलंगाखालची जागा आणि एक कोपरा एवढंच गेलं होतं.

तेव्हा मी सांगितलं की माझ्या मते हा तो विकार नाही. त्याचा चेहरा खुलला, बाईंचा पडला, कारण त्यांना वाटलं आता तो जिंकला.

पण मग मी बाईंना विचारलं की घर तुंबलेलं नाही तर तुम्हाला नक्की कशाचा त्रास होतो, आणि थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "नवीन कुठला आणि जुना कुठला हे मला ओळखू येत नाही. म्हणून मी प्रत्येकाच्या खाली पेन्सिलीने बारीक खूण केलीये. दर महिन्याला उलटे करून बघते." तो त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला याचा पत्ताच नव्हता.

माझ्या मते सगळ्या केसचा गाभा इथे आहे. वेगळी वस्तू घरात आली तर ती दिसते, विचारलं जातं, सांगावं लागतं. तीच वस्तू परत आली तर ती लपवावीच लागत नाही, नुसती जुन्यांत ठेवून द्यायची. "हा तर तोच आहे, आज फक्त साफ केलाय." हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं हे त्याने स्वतःच कबूल केलं. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर यायची. त्याला ते खोटं वाटत नव्हतं, वाद टाळणं वाटत होतं. पण बाई दर महिन्याला मशीन उलटे करत होत्या, आणि ज्या घरात एक जण असं मोजत बसतो तिथे पाच मशीन असोत की दोन, काही फरक पडत नाही.

लहानपणाचं सांगायचं राहिलं, कारण वाचणाऱ्यांना ते हवंच असतं. होता, त्याच्याकडे लहानपणी एक होता, आणि तो शिकायला बाहेर गेल्यावर घरच्यांनी त्याला न विचारता देऊन टाकला. ऐकायला छान जुळतं. पण त्याने पहिला का घेतला एवढंच त्यातून कळतं, पाचवा का घेतला ते नाही. मला लहानपणातून सगळं सोडवायची घाई आवडत नाही. आम्ही ते ऐकलं, त्याला थोडं भरून आलं, आणि पुढे गेलो.

पुढचं काम साधं दिलं. प्रत्येक मशीनसमोर दोन गोष्टी लिहून आण, शेवटचं चालू कधी केलं आणि त्याचं घरात काम काय. विकायचं नाही, काढायचं नाही, फक्त लिहायचं. तो पुढच्या भेटीला आला तो वेगळाच चेहरा घेऊन. अमिगा ५०० च्या खाली मेमरी वाढवायचं एक कार्ड बसतं, त्याच्यावर घड्याळासाठी एक छोटी रिचार्ज होणारी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते आणि आतलं रसायन बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खातं. त्याचे दोन्ही स्पेअर अमिगा डब्यातल्या डब्यात खाल्ले गेले होते. रोजच्या वापरातला मात्र ठणठणीत होता, कारण त्याची बॅटरी त्याने कधीच काढली होती. पुढे त्याने पहिल्या एक्सबॉक्सचंही सांगितलं, मायक्रोसॉफ्टचं गेमचं मशीन, २००१ चं, त्यात घड्याळासाठीचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, गळतो, आणि त्याच्याकडचे दोन्ही नग उघडून बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

पंक्चर स्टेपनी डिकीत ठेवून निश्चिंत फिरावं तसा प्रकार. भीती मशीन मरण्याची, उपाय म्हणून आणलेलं मशीन पलंगाखाली मरतंय, आणि ते मेलंय हे कळू नये म्हणून डबा उघडायचा नाही. आणि मग शंका आली की आणखी एक घ्यायचा. हे मी त्याला समजावलं नाही, यादी लिहिताना त्याचं त्यालाच दिसलं, मी फक्त विचारलं की यातला खरा स्पेअर कुठला. तो म्हणाला, "खरं सांगू का, एकही नाही."

त्यानंतरचं बोलणं सोपं गेलं, सगळं नाही, पण बरंच. एक आणला तर एक काढायचा हा नियम बरेच जण सुचवतात, मला तो फारसा पटत नाही, त्यात माणूस सगळ्यात रद्दी नग काढतो आणि खरेदी तशीच चालू राहते. आम्ही ठरवलं ते असं की स्पेअर म्हणायचं असेल तर तो चालू करून बघितलेला पाहिजे, बॅटरी काढलेली पाहिजे, आणि बायकोला माहीत पाहिजे की तो कुठे आहे. न तपासलेल्या मशीनला एकच फळी, ती भरली की तपासल्याशिवाय नवीन काही नाही. आणि जे मेलेत त्यांच्या चिप काढून ठेवायच्या. यावर तो अडला. अख्खं मशीन पलंगाखाली कुजलेलं चालतं पण कव्हर उघडून चिप काढायची म्हटलं की त्याचा हात थरथरतो, "मी वाचवायला आणला होता मॅडम, आणि मीच तोडू?" मी विचारलं की वाचवायचं कशाला होतं, डब्याला की त्यातल्या चिपला, की तुला आलेल्या वाईट वाटण्याला? उत्तर आलं नाही, यायची गरजही नव्हती. पुढे त्याने दोन कमोडोर उघडले. पाच किलोभर सामान होतं तिथे आता स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचलेल्या चिपचा एक चपटा डबा आहे.

दुर्मिळतेचंही एकदा बोललो. कमोडोर ६४ एक कोटीच्या वर विकला गेलाय, शिवाय त्यातली जी पीएलए नावाची चिप सगळ्यात आधी जाते तिला नव्याने बनवलेले पर्याय मिळतात, हे त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. पण "परत मिळणार नाही" हे वाक्य खरेदीच्या क्षणी माहितीला ऐकत नाही. म्हणून ठरवलं की बघितल्या दिवशी घ्यायचं नाही, आधी बायकोला दाखवायचं, परवानगीसाठी नाही तर नुसतं सांगायचं म्हणून. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या घे, आणि त्याने तो घेतलाच नाही. यात माझं काही कौशल्य नाही, तो स्वतःच म्हणाला की लपवायची मजा गेली तर अर्धी खरेदीच गेली.

ज्यांच्या घरी असंच काही चालू आहे त्यांना दोनतीन गोष्टी. तो बाहेर गेलेला असताना साफ करून टाकू नका, खरंच विकार असेल तर त्याने तो बरा होत नाही उलट माणूस जास्त घट्ट धरतो, आणि विकार नसेल तर तुम्ही भांडणाला नवीन कारण दिलं. जागेबद्दलचं बोलणं आणि पैशाबद्दलचं बोलणं एकत्र करू नका, दोन्हीची उत्तरं वेगळी निघतात. आणि पलंगावर झोपता येत नाही, स्वयंपाकघर वापरता येत नाही, कर्ज काढून खरेदी चाललीये, किंवा कधी असं नव्हतं आणि अचानक झोप न घेता दिवसरात्र खरेदी सुरू झालीये, तर माझ्यासारखीकडे नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, शेवटच्या प्रकारात तर लगेच.

या दोघांचं आता बरं चाललंय. घरात कमोडोर तीन आहेत, दोन वेगवेगळ्या आवाजाचे आणि एक चालू करून तपासलेला स्पेअर, आणि पॉवर सप्लाय एकदाचा नवीन आला. खालच्या पेन्सिलीच्या खुणा बाईंनी पुसल्या नाहीत पण बघणं बंद केलंय म्हणे. कोपऱ्यातल्या एक्सबॉक्सबद्दल अजून वाद आहे, ती म्हणते दोन्ही उघडून बघ, तो म्हणतो सुट्टीत, आणि तो वाद ते माझ्याशिवाय घालू शकतात म्हणून आम्ही भेटी थांबवल्या.