चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

प्रश्न: मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कात्रजला वसतिगृहात राहते. तीन महिने सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेट परीक्षेची तयारी करतेय. फ्लड अटॅक, म्हणजे खोट्या वाहतुकीचा पूर आणून नेटवर्क तुंबवणं, कसा रोखायचा, या प्रश्नांत दर वेळी मार्क जातात, कारण चारही पर्याय बरोबर वाटतात. मैत्रीण म्हणते, वसतिगृहाच्या वायफायवर एकदा करून बघ, आपोआप कळेल. बाबा विचारतात, एवढी फी भरून उपयोग काय?

उत्तर: आधी मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. ते वायफाय तुझं नाही, तिथे हे अजिबात करू नकोस. दुसऱ्याची सेवा अशी बंद पाडणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या कामात लोक आपल्या किल्ल्या तुझ्या हाती देणार आहेत, त्या कामाची सुरुवात अशी होता कामा नये.

आता मार्कांचं. तू उपाय पाठ केलेस, पण पाणी कुठे साचलंय हे विचारलं नाहीस. सर्व्हरची जोडण्यांची यादी भरली, स्विचचा (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचा) पत्त्यांचा तक्ता भरला, की बाहेरून येणारी लाइनच भरली? जागा बदलली की उपाय बदलतो.

सिन फ्लड घे. सदाशिव पेठेतली एखादी खानावळ डोळ्यांपुढे आण. फोनवर कोणी ‘येतोय’ म्हणालं की मालक ताट मांडून वाट बघतो. खोट्या नावांनी शंभर फोन आले आणि कोणीच आलं नाही, तर ताटं अडकतात आणि खरा भुकेला दारातच उभा राहतो. सर्व्हरचंही असंच होतं. सिन (जोडणीची विनंती) आलं, त्याने सिन-ॲक (होकार) पाठवलं, जागा राखून ठेवली, आणि शेवटचं ॲक (पोचपावती) येतच नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेला याच युक्तीने जेरीला आणलं होतं. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी सिन कुकीचा उपाय काढला. ताट मांडायचंच नाही. आपला शिक्का मारलेलं टोकन द्यायचं, ते घेऊन माणूस आला तरच वाढायचं. सर्व्हर जोडणीची खूण स्वतःच्या सिक्वेन्स नंबरमध्येच (उत्तरासोबत जाणाऱ्या क्रमांकात) गुंफून पाठवतो, मेमरीत काही अडकवून ठेवत नाही.

पण खानावळीबाहेरची गल्लीच तुंबली तर टोकन काय करणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिट वाहतूक चालून आली. एवढा लोंढा आपल्या फायरवॉलवर अडत नाही, तिथे पोचण्याआधीच लाइन भरलेली असते. गिटहबने सगळी वाहतूक अकामाई या मोठ्या नेटवर्क कंपनीकडे वळवली आणि ती तिथे गाळली गेली. म्हणून प्रश्नात ‘लाइन पूर्ण भरली’ असं दिसलं की उत्तर सेवा पुरवठादाराकडे शोध, ‘अर्धवट जोडण्या’ दिसल्या की सिन कुकीकडे. पत्त्यांचा तक्ता भरल्याने स्विच हबसारखा सगळ्या पोर्टवर फ्रेम (माहितीचे तुकडे) सोडत असेल, तर ते मॅक फ्लडिंग, म्हणजे खोट्या हार्डवेअर पत्त्यांचा पूर, आणि तिथे पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे एका पोर्टवर ठरावीकच पत्ते.

पूर दर वेळी हल्ल्याचाच असतो असंही नाही. मी नेटवर्कच्या नोकरीत असताना एका सकाळी अख्खा मजला बंद पडला. दुपारपर्यंत आम्ही बाहेरचा हल्लेखोर शोधत होतो. निघाली एक केबल, दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचलेली, आणि त्या स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे असा फेरा तोडणारी सोय, बंद. सगळ्यांसाठीचा संदेश गोल गोल फिरत राहिला. ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात तो हाच.

करूनच बघायचं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे आभासी कॉम्प्युटर) घे, नेटवर्क होस्ट-ओन्ली ठेव, बाहेर जायला वाट नको. लिनक्समध्ये सिन कुकी बंद करून बघ, मग चालू करून बघ, आणि दोन्ही वेळा सिन-रिसीव्ह्ड अवस्थेतल्या, म्हणजे शेवटच्या ॲकची वाट बघणाऱ्या, जोडण्या मोज. एक गोष्ट तुला चकवेल. पाठवणाऱ्याने स्वतःचाच पत्ता वापरला, तर जोडण्या साचत नाहीत, कारण न मागितलेलं सिन-ॲक पाहून त्याचं मशीनच रीसेट (जोडणी तोडायचा संदेश) धाडतं आणि जागा मोकळी होते. साचायला खोटा पत्ता लागतो. म्हणूनच २००० सालचा आरएफसी २८२७ हा इंटरनेटच्या कारभाराचा दस्तऐवज पुरवठादारांना सांगतो की ग्राहकाचा नसलेला पत्ता लावून निघालेलं पॅकेट दारातच अडवा. हे वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी बघितलंस की पर्याय आपोआप वेगळे दिसू लागतील.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, ९०० च्या मापावर ७५० ला पास, आणि सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. आत्ता घेतलंस तर त्यातलं वर्षभर नोकरीआधीच सरेल. माझं मत, फी आत्ता भरू नकोस, शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात परीक्षा दे. सर्टिफिकेटने बायोडेटा चाळणीतून पुढे जाईल. पण हिंजवडी-खराडीतल्या मुलाखतीत विचारतील, पूर आला तर पहिल्या दहा मिनिटांत काय बघशील? तेव्हा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं, हा एप्रिल २०२२ चा आदेशही माहीत असू दे. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा डिप्लोमा हाही मार्ग आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तोवर एक वही घाल. प्रत्येक प्रयोगाला एक पान: काय भरलं, कशाने कळलं, कशाने उतरलं. पहिली दहा पानं झाली की मला पाठव, परीक्षेची तारीख आपण त्यावरून ठरवू.