'तोमार आमार' आणि 'डरे डरे'

अनेक आशीर्वाद.

तुझं माउथ ऑर्गनचं रेकॉर्डिंग काल रात्री दिवे मालवून तीनदा ऐकलं. सूर जागच्या जागी आहेत, बटणही वेळेवर दाबतोस. पण तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की काय खटकतंय. 'एइ रात तोमार आमार' म्हणून पाठवलंस आणि वाजवलंस 'ये नयन डरे डरे'!

दोष तुझा नाही. चाल एकच आहे. हेमंतदांनी, म्हणजे हेमंत कुमारांनी, ती १९५९ च्या 'दीप ज्वेले जाइ' या बंगाली चित्रपटासाठी बांधली, तेव्हा शब्द गौरीप्रसन्न मजुमदारांचे होते. मग १९६४ च्या 'कोहरा'त तीच चाल कैफी आझमींच्या शब्दांवर चढवली. दोन्ही वेळा गायले स्वतःच. आपल्याकडे रेडिओवर वाजलं ते हिंदी, म्हणून तुझ्या जिभेवरही तेच बसलंय.

आता म्हणशील, माउथ ऑर्गनला शब्द कुठे असतात? असतात रे. 'डरे डरे' म्हणताना जीभ दोनदा टाळूवर आपटते. तू वाजवतानाही ती दोनदा आपटतोस, स्पष्ट ऐकू येतं. 'तोमार' मध्ये फक्त 'त' आहे, तोही दातांपाशी, मऊ. 'म' ला नुसते ओठ मिटतात. 'आमार' तर स्वरानेच सुरू होतो, तिथे जिभेचं काहीच काम नाही, सूर आतून उगवायला हवा. आणि 'एइ' हे दोन सुटे स्वर नव्हेत, एकातून दुसरा निघतो. आठवडाभर माउथ ऑर्गन पेटीत ठेव आणि ओळ बंगालीत म्हण. बेसूर झालास तरी चालेल, शेजाऱ्यांची माफी मी मागेन.

दुसरी गोष्ट श्वासाची. गायक श्वास घेतो तेव्हा गप्प असतो. आपल्या वाद्यात श्वास घेणं हेही वाजवणंच. पांढरी एकच्या (म्हणजे C पट्टीच्या) क्रोमॅटिकवर, आपल्या बटणवाल्या माउथ ऑर्गनवर, सा, ग, प फुंकून येतात आणि रे, म, ध, नि ओढून. दिशा बदलली की सुराला एक बारीक झटका बसतो, तू कितीही हळुवार वाजव. त्यामुळे 'तोमार' च्या मधोमध दिशा बदलली, तर शब्दाचे दोन तुकडे झालेच म्हणून समज. उपाय थोडेच आहेत, पण आहेत. सा आणि म हे दोन सूर आपल्याकडे दोन-दोन जागी मिळतात: म दुसऱ्या भोकात ओढून, किंवा तिथेच बटण दाबून फुंकून, वरचा सा फुंकून, किंवा चौथ्या भोकात बटण दाबून ओढून. बाकी सुरांना ही सोय नाही. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टी बदल. चार पट्ट्यांत वाजवून बघ आणि शब्द सर्वांत कमी मोडतील ती धर. बोटांना सोपी पट्टी कोणती, हा प्रश्न नंतरचा. मी स्वतः कित्येक वर्षं उलटं करत होतो.

हेमंतदांच्या आवाजाचं एक दुखणं आहे आपल्यासाठी. तो आवाज जिथे राहतो तिथे बारा भोकांचा नेहमीचा क्रोमॅटिक पोहोचतच नाही. क्रोमॅटिकचा पहिला सूर मध्य सप्तकाचा सा. म्हणजे गाणं तू एक सप्तक वर उचलून वाजवतोयस, आणि रात्रीचं गाणं भर दुपारचं वाटायला लागतं. सोळा भोकांचा हाती येईपर्यंत निदान तळव्यांची ओंजळ घट्ट मिटून ठेव आणि जोर अर्ध्यावर आण. तो खाली एक सप्तक जास्त देतो. बाजारात स्वस्तात मिळणारा ट्रेमोलो मात्र या गाण्याला नको. त्यात प्रत्येक सुराला किंचित फरकाच्या दोन-दोन रीड (सूर काढणाऱ्या धातूच्या जिभल्या) असतात, म्हणून सूर सतत थरथरतो. जत्रेतल्या गाण्याला तो झकास, इथे थरथर कुठे हवी ते तू ठरवायचं, कारखान्याने नाही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. रीडचा सूर ठरलेला, त्यामुळे गळ्यासारखी मींड येणार नाही हे मान्य कर. मधल्या भोकांवरून घसरत जातोस ती मींड नव्हे, ते जिन्यावरून गडगडणं झालं. जीभ खाली घेऊन सूर किंचित उतरवून सुरू कर आणि मग सोड, तो आपोआप वर येऊन बसेल. ओळीत एकदाच, फार तर दोनदा.

एकट्याने वाजवताना मधलं संगीत भरून काढायची घाई होते. व्हायोलिनचे तुकडे वाजवू नकोस. फार तर एखादी जागा सप्तकाच्या जोडीने, म्हणजे तोच सूर खालचा आणि वरचा एकदम, वाजव. पाच भोकं तोंडात घेऊन मधली तीन जिभेने झाकायची. नाहीतर चार मात्रा गप्प बस. 'सोलहवा साल' मधलं 'है अपना दिल तो आवारा' ऐक. तिथेही हेमंतदाच गातात, आणि माउथ ऑर्गन पंचमचा, म्हणजे आर. डी. बर्मनचा. पण तिथे वाद्य गायकाच्या बाजूला बसलंय, तुला गायकाच्या जागी बसायचंय. त्यासाठी कोलकात्याच्या मिलन गुप्तांचं वादन मिळालं तर ऐक.

बाकी किरकोळ. थंडीत वाद्य आधी खिशात ऊबवून घे, नाहीतर वाफ धरून आतल्या हवा अडवणाऱ्या पातळ झडपा चिकटतात. आणि तोंड धुऊन वाजव. एका गणेशोत्सवात मी विंगेत बटाटेवडा खाल्ला आणि तसाच स्टेजवर गेलो. दुसऱ्या कडव्यात गंधाराचा, म्हणजे 'ग'चा, आवाज गेला तो गेलाच. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी उरलेलं गाणं गाऊन पूर्ण केलं, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा बरं केलं.

रविवारी ये. माझा सोळा भोकांचा घेऊन जा, महिनाभर ठेव. पण आधी ती एक ओळ तोंडाने म्हणून दाखवायची. जेवण माझ्याकडे, वाजवून झाल्यावर.

तुझा,
काका