कोआलाच्या मागावर पहिल्यांदा निघताना

अरे, कोआलाच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरची टिकटिक रिसीव्हरवर ऐकू आली की लगेच पळत सुटू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या घळींमध्ये सिग्नल उतारावर आपटून परततो. मी एकदा तासभर भलत्याच टेकाडावर घाम गाळला. कोआला गाडीमागच्या झाडावर ढाराढूर! अँटेना पूर्ण गोल फिरव, गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी करत जा, मगच दिशा ठरव.

झाड सापडलं की नुसतं जीपीएस टिपून निघू नकोस. झाडाची जात, खोडाचा घेर, प्राणी किती उंचीवर, सावलीत की उन्हात, सगळं लिही. दिवसा बसलेलं झाड म्हणजे जेवणाचं झाड, असं मुळीच नाही. खाणं बरंचसं रात्री चालतं. कडक उन्हात तर तो गारव्यासाठी अकेशियाच्या (बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाच्या) खोडालाही मिठी मारतो, पानं मुख्यतः निलगिरीची खात असला तरी. त्यामुळे रात्रीच्या फेऱ्या टाळू नकोस.

बुंध्याभोवतीचा पाचोळाही चाळ. ताजी लेंडी चकचकीत असते, मोडली की निलगिरीचा वास येतो.

आणि कॉलरमधला ताणाने तुटणारा दुवा दुसऱ्यावर सोडू नकोस, स्वतः तपास. फांदीत पट्टा अडकला तर तोच जीव वाचवतो.