मेडिकलच्या थीसिसचा विषय शोधतोयस? आधी हे बघ

महागडी मशीन, नवी टेस्ट असलं काही शोधत बसू नको रे, वॉर्डात रोज दिसणारा साधा प्रश्न घे. टाटा मेमोरियलचा २०२३ चा ब्रेस्ट कॅन्सरचा पेपर वाच, ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती साधं लिडोकेनचं (जागा बधिर करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन, बास, आणि ५ वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के! पण त्यामागे ११ सेंटर आणि जवळपास १६०० पेशंट होते, तुझ्याकडे किती येतील ते ओपीडी रजिस्टरवरून मोज, मगच सॅम्पल साइझ (अभ्यासात किती पेशंट घ्यायचे ते) ठरव. ट्रायल (पेशंटना उपचार देऊन तपासायचा अभ्यास) असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधीच, एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी घेत नाहीत. आणि कन्सेंट (पेशंटची संमती) मराठीत, शेजारी बसून समजावून सांग, नुसता अंगठा घेऊ नको, नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार मिळणारच हे आधी सांग.